मानेचा पट्टा, मणक्यातली झीज आणि रात्रीची उशी

वाचकांचे प्रश्न, फिजिओथेरपिस्टची उत्तरे

मागच्या अंकात गुडघ्यांवर लिहिलं आणि या महिन्याच्या टपालात मात्र जवळजवळ सगळी पत्रं मानेचीच आली. मिरजेतल्या माझ्या दवाखान्यातही सकाळी दार उघडावं तर बाकावर पट्टा लावून बसलेलं कुणी ना कुणी असतंच. त्यांना जे सांगते तेच इथे सांगतेय. पत्रं लांब होती, मुद्द्यापुरती घेतली आहेत. पहिलं पत्र मुद्दाम पहिलं ठेवलंय. त्याचं उत्तर फोनवर आधीच दिलंय, पण अशी लक्षणं आणखी कुणाच्या घरात असतील म्हणून छापतेय.

प्रश्न : वडील ५४ वर्षांचे, वाशीच्या मार्केटात माथाडी कामगार. आम्ही मूळचे पाटण तालुक्यातले. त्यांनी तीस वर्षं डोक्यावर-पाठीवर पोती वाहिली. मान फारशी दुखत नाही म्हणतात. पण चार-पाच महिन्यांपासून शर्टाची बटणं लावता येत नाहीत, सही वाकडी येते, चालताना झोक जातो. परवा पायातली चप्पल रस्त्यात निसटून मागे राहिली, त्यांना कळलंच नाही. गावाकडे एक जण नस बसवतो, महिनाभर त्याच्याकडे मालिशला न्या, असं घरचे म्हणतात. न्यावं का?
*— मुलगा, कोपरखैरणे*

उत्तर : नाही, नेऊ नका. मालिश नको, मानेला झटका नको, वजन लावून मान ओढणंही नको. याच आठवड्यात मणक्यांच्या किंवा मेंदूच्या सर्जनला दाखवा आणि मानेचा एमआरआय करून घ्या.

तुम्हाला वाटतंय की दुखत नाही म्हणजे फार काही नसेल. या आजारात नेमकं तिथेच फसायला होतं. मानेच्या सात मणक्यांच्या मधून मज्जारज्जू खाली जातो. हातापायांना मेंदूकडून जे जे हुकूम जातात ते याच वाटेनं. वर्षानुवर्षं ओझं वाहून मणक्यांची हाडं वाढतात, मणक्यांमधली गादी मागे सरकते, मणक्यांना जोडणारे आतले पट्टे जाड होतात आणि ही वाट अरुंद होते. एक नस दबली तर माणूस कळ येऊन ओरडतो. मज्जारज्जू मात्र हळूहळू दाबला गेला तर तो गुपचूप हरत जातो. बोटांचं बारीक काम आधी जातं, मग पाय जड आणि ताठर होतात, जमीन नीट जाणवत नाही. लघवी धरता न येणं किंवा अडकणं ही त्याच्या पुढची पायरी. ती सुरू झाली असेल तर आठवड्याचीही वाट पाहू नका, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.

घरी एक गोष्ट करून बघा. वडिलांना दहा सेकंदांत जमेल तितक्या वेळा मूठ पूर्ण उघडायला आणि पूर्ण मिटायला सांगा. धडधाकट माणसाचं वीसच्या पुढे सहज जातं. बोटं पूर्ण उघडत नसतील किंवा मोजणी त्याच्या बरीच आत राहत असेल, तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. मान खाली वाकवली की पाठीतून विजेसारखी झिणझिणी जाते का, हेही विचारा. सोबत साखर आणि बी-१२ तपासून घ्या. बी-१२ कमी असलं तरी पायांची जाणीव जाते आणि तोल बिघडतो.

ऑपरेशनचं नाव काढलं की घरात रडारड होते, ते मी पाहिलंय. पण या आजारात ऑपरेशनचा पहिला हेतू असतो पुढची घसरण थांबवणं. गेलेलं सगळं परत येईल अशी खात्री कुणी देत नाही, म्हणून तर जितकं कमी गेलेलं असेल तितक्या लवकर जायचं. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे इथे हे ऑपरेशन होतं. तिथे गेल्यावर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा, शिधापत्रिका आणि आधार जवळ ठेवा. माथाडी मंडळात वडिलांची नोंद असेल तर तिथल्या वैद्यकीय मदतीचीही चौकशी करा. आणि आजपासून डोक्यावर पोतं घ्यायचं नाही, एकही नाही. रोजाचा प्रश्न आहे हे मला कळतं. तरीही नाही.

प्रश्न : मी ४६ वर्षांची, इचलकरंजीत घरीच ब्लाउज आणि ड्रेस शिवते. वर्षभर मान आणि उजवा खांदा भरून येतो. एक्स-रेमध्ये ‘मणके झिजलेत, पाचव्या-सहाव्या मणक्यातली गॅप कमी झाली’ असं आलं. पट्टा दिलाय, तो आठ महिने लावतेय. काढला की डोकं पेलवत नाही. जाऊबाई म्हणतात, आता शिवण सोडावी लागणार. सोडावी लागेल का?
*— एक शिवणकाम करणारी ताई*

उत्तर : ताई, शिवण सोडू नका. पट्टा सोडा.

आधी एक्स-रेचं. मणक्यांमधल्या गाद्यांतलं पाणी वयाबरोबर कमी होत जातं, त्या चपट्या होतात, कडेला हाडं किंचित वाढतात. पाचवा-सहावा आणि सहावा-सातवा मणका मानेत सगळ्यात जास्त वाकतात, म्हणून झीज बहुधा तिथेच आधी दिसते. साठीपर्यंत बहुतेकांच्या एक्स-रेत हे सापडतं, आणि त्यातल्या कितीतरी जणांची मान आयुष्यात कधी दुखलेली नसते. जाऊबाईंचा एक्स-रे काढला तर त्यातही कदाचित हेच येईल. केस पांढरे व्हावेत तशी ही गोष्ट आहे. त्या कागदावर ‘झीज’ वाचून माणूस घाबरतो, मान हलवायची बंद करतो, आणि न हलवलेली मान आणखी आखडते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी पुष्कळांचं अर्धं दुखणं या भीतीचं असतं.

आता पट्टा. अपघातानंतर हाड मोडलेलं नाही याची खात्री होईपर्यंत, ऑपरेशननंतर, किंवा नस दबून असह्य कळ येत असेल तर थोडे दिवस, एवढंच त्याचं काम. आठ महिने डोकं दुसऱ्यानं धरून ठेवलं तर मानेचे स्नायू कशाला कष्ट करतील? माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. ते पेलायची सवय गेली म्हणून पट्टा काढल्यावर जड वाटतं. तो थकवा आहे, मणका निसटतोय असं काही नाही. एका दिवसात फेकून देऊ नका. आधी घरात निवांत बसलेल्या वेळी काढा, मग स्वयंपाक करताना, मग मशीनवर. एसटीचा प्रवास शेवटी ठेवा. दोन-तीन आठवड्यांत तो कपाटात गेला पाहिजे.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. ‘सुईत दोरा ओवायला मुलीला हाक मारावी लागते’ असं तुम्ही सहज लिहिलंय. ताई, डोळे तपासलेत का? चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं, आणि दिसत नाही म्हणून माणूस सुईवर मान घालतो. मानेचा इलाज चष्म्याच्या दुकानातून सुरू झाला, अशा शिवणकाम करणाऱ्या कितीतरी बायका मला माहीत आहेत. सोबत मशीनच्या सुईजवळ एक वाकवता येणारा दिवा लावा. खोलीच्या मधोमध लटकणारी ट्यूब तुमच्या पाठीमागे असेल तर तुमचीच सावली कापडावर पडते.

कटिंग जमिनीवर करत असाल तर ते स्वयंपाकाच्या ओट्यावर किंवा कमरेच्या उंचीच्या टेबलावर आणा. हूक, काजं, तुरपाई मांडीवर घेऊन करता, तेव्हा मांडीवर दोन उशा ठेवा, काम वर येईल आणि मान खाली जाणार नाही. स्टूल इतकं उंच हवं की खांदे न उचलता हात मशीनच्या पाटावर टेकतील. कामं एकाआड एक लावा. एक ब्लाउज शिवून झाला की उठून इस्त्री, मग पुन्हा बैठक. सगळं शिवून झाल्यावर एकदम तुरपाईला बसायचं नाही.

आणि व्यायाम. शेक, मालिश, मशीनचा करंट यांनी त्या दिवसापुरतं बरं वाटतं, ते मी नाकारत नाही. पण जुनं दुखणं कमी करायला मानेची ताकदच वाढवावी लागते. फिनलंडमध्ये ऑफिसात काम करणाऱ्या, मान कायम दुखणाऱ्या १८० बायकांवर झालेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. वर्षभर मानेची ताकद आणि दम वाढवणारे व्यायाम केलेल्या बायकांचं दुखणं, नुसते ताण देण्याचे व्यायाम केलेल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त कमी झालं होतं. तुम्ही सुरुवात अशी करा.

उताणं झोपा, पातळ उशी घ्या. हनुवटी गळ्याकडे किंचित आत घ्या, ‘हो’ म्हणताना डोकं हलतं तेवढीच. मानेचा मागचा भाग लांब झाल्यासारखा वाटला पाहिजे. पाच ते दहा सेकंद धरा, सोडा, आठ-दहा वेळा. आठवड्याभरात हे सोपं वाटू लागलं की हनुवटी आतच ठेवून डोकं उशीवरून बोटभर उचला आणि दोन-तीन सेकंदांत खाली टेका. हनुवटी पुढे निघाली की थांबायचं.

दुसरा व्यायाम बसून. तळहात कपाळावर ठेवा, डोक्यानं हाताला रेटा, हातानं डोक्याला हलू देऊ नका. तसंच दोन्ही बाजूंना आणि मागे. पूर्ण जोर नको, निम्मा पुरे. तिसरा पाठीच्या फऱ्यांचा. सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून खिडकीच्या गजाला अडकवा, दोन्ही टोकं धरून कोपरं मागे ओढा, फरे एकमेकांजवळ येऊ द्या. दहा-बारा वेळा, मग दम घेऊन पुन्हा. खांदे कानाकडे चढू देऊ नका. एक दिवसाआड केलं तरी चालेल, पण निदान सहा-आठ आठवडे तरी नेटानं करा. पहिल्या आठवड्यात अंग थोडं ठणकेल, ते चालतं. हातात कळ उतरली किंवा मुंग्या वाढल्या तर मात्र थांबून दाखवायला या.

प्रश्न : वय ६८, निवृत्त शिक्षिका, कऱ्हाड. अंथरुणात उजव्या कुशीवर वळलं किंवा वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली की खोली गरगर फिरते, अर्ध्या मिनिटात थांबते. मानेच्या झिजेमुळे मेंदूला रक्त कमी पडतं असं सांगितलंय. दीड वर्ष चकरेच्या गोळ्या आणि पट्टा चालू आहे. मानेचे कोणते व्यायाम करू?
*— एक आजी*

उत्तर : बाई, तुम्ही इतकं नेमकं लिहिलंय की तुमच्या मानेपेक्षा कानाचाच संशय जास्त येतो. आतल्या कानात कॅल्शियमचे सूक्ष्म कण असतात. ते जागचे सुटून तोल सांभाळणाऱ्या नळ्यांपैकी एकीत गेले की डोकं ठरावीक बाजूला वळवताच खोली फिरते आणि थोड्या वेळात आपोआप थांबते. हे वयस्कर माणसांत फार आढळतं आणि आपल्याकडे त्यातलं बरंचसं मानेच्या खात्यावर जमा होतं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. ते तुम्हाला पलंगावर बसवतील, डोकं एका बाजूला वळवून झटकन मागे झोपवतील आणि तुमच्या डोळ्यांकडे बघतील. बुबुळं ठरावीक पद्धतीनं उडायला लागली की निदान झालं. मग तिथेच डोकं एकेका स्थितीत थोडा थोडा वेळ ठेवून ते कण परत जागेवर नेतात. याला एप्लीची पद्धत म्हणतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम, सुई नाही, चिरफाड नाही. एक-दोन वेळांत बहुतेकांची चक्कर जाते. पुन्हा कधी आली तर पुन्हा करता येतं. तिथे आधीच सांगा की मानेत झीज आहे, म्हणजे ते बेतानं मान वळवतील.

चकरेच्या गोळ्या इतका काळ घ्यायच्या नसतात. त्यातल्या काहींनी, विशेषतः प्रोक्लोरपेराझिननं, वयस्कर माणसांचे हात थरथरायला लागतात, चाल मंदावते. पट्ट्यासकट त्या डॉक्टरांपुढे ठेवा आणि कशा बंद करायच्या ते विचारून घ्या.

एवढं मात्र लक्षात ठेवा. चकरेबरोबर एकाचे दोन दिसू लागले, जीभ जड झाली, तोंड वाकडं झालं, हात किंवा पाय लुळा पडला, तर तो कान नव्हे आणि मानही नव्हे. १०८ ला फोन करा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.

प्रश्न : मी २२ वर्षांचा. पुण्यात सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बारा-बारा तास बसतो. मान सारखी अवघडते. दाढी-कटिंगला गेलो की सलूनवाले दादा मान दोन्हीकडे कडकन मोडून देतात, दोन दिवस छान वाटतं. घरी स्वतःही मोडतो. काही धोका आहे का?
*— स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी*

उत्तर : सलूनमधलं आजपासून बंद कर. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांच्या बाजूंना असलेल्या भोकांमधून वर चढतात. मान एकदम पिरगळली तर त्यांचा आतला थर फाटू शकतो, तिथे गुठळी धरते आणि तरुण माणसाला पक्षाघात येतो. हे क्वचित घडतं. पण दोन दिवसांच्या बरं वाटण्यासाठी तो धोका कशाला घ्यायचा? चंपी करून घे, मान सैल सोडून खांदे दाबून घे, आणि खुर्चीत बसतानाच सांग, ‘दादा, मान मोडू नका.’ समोरचा माणूस वाईट वाटून घेत नाही. मोडल्यानंतर कधी एकाच बाजूची मान कधी नव्हे इतकी जोरात दुखायला लागली, डोकं दुखू लागलं, चक्कर आली, तर सरळ रुग्णालय गाठायचं.

‘कड’ असा आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार झाल्याचा. हाड जागेवर बसलं असं त्यात काही नसतं. स्वतः हळूच वळवताना आवाज आला तर घाबरू नकोस, पण हातानं हनुवटी धरून ओढू नकोस.

अवघडण्याचं कारण बारा तास हे आहे. पुस्तक टेबलावर आडवं ठेवून वाचतोस ना? लाकडी स्टँड घे किंवा दोन जाड पुस्तकांवर तिसरं तिरकं ठेव. अर्ध्या-पाऊण तासानं उठ, पाणी भरून आण, जिन्यावरून खाली जाऊन ये. अभ्यास संपल्यावर गादीवर पडून छातीवर मोबाइल धरतोस, तोही वेळ मानेच्या हिशेबात येतो. शिवणकामवाल्या ताईंना सांगितलेले व्यायाम तुलाही लागू आहेत. आणि सहा-सात तास झोप. झोप कमी झाली की तेच दुखणं दुप्पट जाणवतं.

एखाद्या सकाळी उठल्यावर मान एकाच बाजूला धरली गेली तर गरम शेक दे, जेवढी वळते तेवढी दिवसातून पाच-सहा वेळा हळूहळू वळव, लागलीच तर पॅरासिटामॉल घे. काही दिवसांत सुटते. पण मान ताठ होऊन सोबत ताप, उलटी, जोराची डोकेदुखी असेल तर तो मेंदूज्वर असू शकतो. तेव्हा शेकत बसायचं नाही.

प्रश्न : वय ३९, बँकेत नोकरी, नाशिक. तीन आठवड्यांपासून मानेतून डाव्या हातात मधल्या बोटापर्यंत कळ जाते, रात्री झोप नाही. हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं. एमआरआयमध्ये गादी सरकली आहे. ऑपरेशन करावंच लागेल का?

उत्तर : बहुधा नाही. हात डोक्यावर ठेवल्यानं बरं वाटणं ही नस दबल्याची ओळखीची खूण आहे, तसं केल्यानं नसेवरचा ताण सैल होतो. कळ मधल्या बोटात जाते म्हणजे बहुतेक सातव्या नसेचा मामला. सरकलेल्या गादीचा बाहेर आलेला तुकडा शरीर हळूहळू स्वतःच शोषून घेतं, आणि दोन-तीन महिन्यांत बहुतेकांची कळ विनाऑपरेशन ओसरते. हे पहिले काही आठवडे अतिशय वाईट जातात, ते निभावणं महत्त्वाचं. डाव्या हाताखाली उशी घेऊन झोपा. डॉक्टरांनी नसेच्या गोळ्या दिल्या असतील तर झोप येते म्हणून आपल्या मनानं एकदम बंद करू नका. दुखण्याच्या गोळ्या पित्त, रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नकोत. औषधाचं नाव न सांगता दिलेल्या पुड्या तर मुळीच नकोत, त्यात स्टिरॉइड सापडतं.

दुखण्यापेक्षा ताकदीवर लक्ष ठेवा. डाव्या हातानं दार ढकलता येतं का, भिंतीला टेकून जोर काढता येतो का, हे दर दोन दिवसांनी बघा. ताकद कमी होत चालली तर सर्जनला लगेच भेटा. आणि कळ डाव्याच हातात आहे, तेव्हा चालताना-जिना चढताना ती वाढत असेल, छातीत दाब किंवा घाम येत असेल, तर आधी ईसीजी.

प्रश्न : उशी घ्यावी की नाही? आमच्याकडे यावरून वाद आहे. आणि शेक गरम की थंड?
*— एक कुटुंब, रत्नागिरी*

उत्तर : घ्यावी. कुशीवर झोपणाऱ्यानं खांदा आणि कान यांच्यातलं अंतर भरेल एवढी जाड, उताणं झोपणाऱ्यानं पातळ. पालथं झोपायची सवय मात्र मोडा, त्यात मान रात्रभर एका बाजूला वळलेली राहते. महागडी खास उशी लागत नाही. घरच्या कापसाच्या उशीत टॉवेलची गुंडाळी घालून मानेखालचा खळगा भरला तरी पुष्कळांचं भागतं. सकाळी उठल्यावर मान कशी वाटते त्यावरून ठरवा, आणि एक उशी आठवडाभर तरी वापरून बघितल्याशिवाय बदलू नका.

मानेच्या नेहमीच्या दुखण्याला गरम शेक सोसवतो आणि आवडतो. पंधरा-वीस मिनिटं, मध्ये जाड फडकं घालून. नुकताच मार लागून सूज असेल तर पहिले दोन दिवस थंड. घरात मधुमेहाचं कुणी असेल आणि त्यांची जाणीव कमी झाली असेल, तर पिशवीतलं पाणी दुसऱ्यानं हाताला लावून बघायचं. न कळता भाजून घेतलेल्या मानेची जखम मी बघितली आहे, भरायला फार दिवस लागले. क्षयाचा आजार होऊन गेलाय, वजन उतरतंय, संध्याकाळी ताप येतो किंवा रात्री झोपेतून उठवणारं मानेचं दुखणं आहे, असं घरात कुणाचं असेल तर शेकाचा वाद बाजूला ठेवून त्यांना तपासणीला घेऊन जा. मणक्याचा क्षय औषधांनी बरा होतो, वेळेत सापडला तर.